एकतीस हजार दोनशेनंतर

डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिसचं पुस्तक सापडलं,
सोबत तुटका कंगवा
आणि कणेरीच्या पार्किंगची विटलेली पावती.
पहिल्या मालकाचं अक्षर मास्तरी :
'ऑइल बदलले. हवा भरली. उजवा वायपर नवा.'
दर पाच हजाराला शिक्का, शिक्क्याखाली सही,
सहीखाली दोन ठिपके.
मग एकतीस हजार दोनशे.
मग कोरी पानं.
काटा मात्र अठ्ठ्याऐंशी हजारांवर.
मधल्या दोन मालकांनी नुसती पळवली.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते,
कोऱ्या पानांची मला सवय आहे.
माणूस तीन-तीन वर्षं येत नाही,
बरा असतो म्हणून,
किंवा त्याला घेऊन येणारं कुणी उरलेलं नसतं म्हणून.
रिपोर्टवर यातलं काहीच छापून येत नाही.

उद्यमनगरात दिलावर शिकलगारचं गॅरेज,
शेजारच्या फाउंड्रीतून जळक्या वाळूचा वास.
त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं
आणि मूठ कानाला.
डोळे मिटले.
मी उगाचच श्वास धरून बसले.
"कवा घेतली?"
"गेल्या महिन्यात. सत्तर हजाराला."
"गाडी न्हाई ताई,
मागल्यांची उधारी घेतलीसा."

एअर फिल्टरमधून शेंगांची टरफलं निघाली,
उंदराचं अख्खं बिऱ्हाड,
त्यात लग्नपत्रिकेचा लाल तुकडा,
'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येणारा.
रेडिएटरचं पाणी काहिलीतल्या रसासारखं तपकिरी.
टायमिंग बेल्ट काढून त्यानं बोटावर वाकवला,
तशा भेगा उघडल्या,
थंडीतल्या टाचेला असतात तशा.
"ह्यो गगनबावड्याच्या घाटात तुटला असता, तर..."
पुढचं बोलला नाही.
बेल्ट माझ्या हातात दिला.

मी पेन काढलं. सगळं मिळून किती?
तो हसला.
"सगळं मिळून इचारू नकासा, झोप लागायची न्हाई.
पयलं ब्रेक. मग बेल्ट.
मग पाणी, ऑइल, प्लग.
एसी दिवाळीनंतर बघू.
दार कुरकुरतंय ते कुरकुरू दे,
त्यानं कोण मरत न्हाई.
आधी थांबाय शिकवू तिला,
पळाय तिला येतंयच की."

पगार सात तारखेला होतो.
या सातला ब्रेक,
पुढच्या सातला बेल्ट,
तोवर गाडी जांभळाखाली, आणि मी केएमटीनं.
त्याच्या पुढच्या सातला पाणी, ऑइल, प्लग,
आणि उरलेल्या पैशांत
माझी दाढ काढून घेतली.
दोन वर्षं एकाच बाजूनं चावत होते.

गाडी ताब्यात घेताना दिलावरचा पोरगा शेजारी बसला,
कान देऊन, बापासारखाच.
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यापाशी
म्हैस आडवी आली,
सावकाश, रस्ता तिच्या नावावर असल्यासारखी.
माझा पाय आपसूक गेला.
गाडी थांबली. सरळ. न किंचाळता.
म्हशीनं मान वळवून बघितलं,
मागून चरवी घेतलेला गवळी हसला,
पोरगा म्हणाला, "झालं की."
माझे गुडघे मात्र थरथरत राहिले पार रंकाळ्यापर्यंत.

पुस्तकाच्या पाठीमागं मास्तरांचा नंबर आहे, लँडलाइन.
एकदा लावला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही, बाई म्हणाली,
आधी मराठीत, मग हिंदीत.

रात्री दिव्याखाली पहिलं कोरं पान उघडलं :
'ब्रेक पॅड, पुढचे दोन्ही. बेल्ट. कूलंट. ऑइल. प्लग चार.
अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बारा.'
सही केली.
सहीखाली दोन ठिपके पडले,
मी कधीच देत नाही ते.

दार अजून कुरकुरतं.